मागं न सरणारा कॅमेरा

माझं काम फोकसचं. कॅमेरा चालवणारा वेगळा असतो, उजेड कुठून यायचा ते ठरवणारा वेगळा असतो. मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून लेन्सवरचं चाक फिरवते. नट पुढं आला की चाक जरासं इकडं, मागं सरला की जरासं तिकडं. ज्याला स्पष्ट दिसायचंय तो स्पष्ट दिसला पाहिजे. बाकीचं धूसर झालं तरी कुणी विचारत नाही, आणि पुष्कळदा तर ते धूसर व्हावं म्हणूनच सगळी खटपट असते.

या कामावर मी कोल्हापूर, सातारा, नाशिक, कोकण सगळीकडं फिरले. आमच्या वस्तीवर कधी शूटिंग येईल असं मात्र मनातही नव्हतं. आमची वस्ती शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. आजोबा मेंढरं घेऊन लांब लांब हिंडायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी तेच केलं. पुढं शेताला पाणी आलं तसे ते एका जागी बसले. आता ऊस आहे, कांदा आहे, म्हशी आहेत. थोडी मेंढरं अजून ठेवलीत. ती कशासाठी, हे त्यांना कुणी विचारत नाही.

त्या मालिकेची गोष्ट अशी होती. एक बाई एका गावात जागी होते. आपण इथं कसे आलो, हे गाव कुठलं, तिला काहीच ठाऊक नाही. गावातली माणसं तिच्याशी नीट वागतात, जेवायला घालतात, पण गावाचं नाव कुणी सांगत नाही. आणि ते बघणाऱ्यालाही कळता कामा नये, अशी सगळी मांडणी. छायाचित्रणाचे जे प्रमुख होते त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. जागा शोधून शोधून ते कंटाळले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर घरचे फोटो बघत बसले होते. दादांनी मागून डोकावलं, फोन हातात घेतला आणि एकेक फोटो मोठा करून बघितला.

"हे कुठलं?"

"आमचं घर."

"छान आहे," ते म्हणाले. "हे कुठलंही असू शकतं."

त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मला जरा लागलं. पण पुढच्याच महिन्यात आमच्या वस्तीवर जनरेटरची गाडी आली.

घरी शूटिंग होणार हे मी आधी आईला सांगितलं आणि लगेच ताईला. ताई माझी थोरली बहीण. ती रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होती. तिथंच मशीनवर काम करणाऱ्या एका ओडिशाच्या माणसाशी तिचं जमलं, आणि पुण्यात जाऊन दोघांनी लग्न केलं. आप्पांनी आरडाओरडा केला नाही. ते आईला एवढंच म्हणाले की, तिला सांग, आता हितं तिचं काही राहिलं न्हाई. त्यानंतर त्यांनी तिचा विषय काढला नाही. पुढं ताईच्या नवऱ्याला त्याच्या मुलखातल्या कारखान्यात काम लागलं आणि ती दोघं तिकडं गेली. तिला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी ताई घरी आलेली नव्हती. आई गोठ्यात जाऊन तिच्याशी फोनवर बोलायची. आप्पांना ते माहीत होतं. फोन वाजला की ते काहीतरी निमित्त काढून बांधाकडं निघून जायचे.

ताईला मी ते फोनवर सांगितलं. मग तिनं विचारलं, "म्हंजी रोज दिसंल?"

"रोज संध्याकाळी. मोबाइलवर पण."

"आन् आप्पा हो म्हणले?"

आप्पा हो म्हणाले होते. उसाला धक्का लागता कामा नये आणि मेंढरांना कुणी हुसकायचं नाही, एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी शूटिंगच्या मॅनेजरला बजावल्या.

पहिल्या दिवशी दादांनी सगळ्यांना अंगणात उभं करून काय करायचं नाही ते सांगितलं. जमीन आणि आभाळ जिथं भेटतं ती रेघ चौकटीत येऊ द्यायची नाही. ती दिसली की माणसाला अंतर कळतं आणि अंतर कळलं की जागा कळायला लागते. कॅमेरा शक्यतो कमरेएवढा ठेवायचा. लांब उभं राहून मोठी लेन्स लावायची, म्हणजे मागचं सगळं पुढं येऊन माणसाच्या पाठीला चिकटतं. घर आणि झाड यांत किती वाट आहे ते उमगत नाही. एसटीची पाटी, मोटारसायकलचा नंबर, दुधाच्या कॅनवरची अक्षरं, भिंतीवरची खताची जाहिरात सगळं झाकायचं. कारखान्याचं धुराडं आमच्याकडून लांब पण ठळक दिसतं. हंगाम सुरू होता, धूर चालू होता, तेव्हा त्या अंगाला कॅमेऱ्यानं पाठ करायची.

सूर्याचीही फसवणूक असायची. बाई गल्लीतून जाते ते सकाळी घ्यायचं आणि ती परत येते ते संध्याकाळी. जातानाही ऊन तोंडावर, येतानाही ऊन तोंडावर. ते जोडून दाखवलं की बघणाऱ्याला उगवत कुठली आणि मावळत कुठली याचा पत्ता लागत नाही. काय चुकतंय ते त्याला सांगता येत नाही, पण आपण वाट चुकलोय असं बसल्या जागी वाटायला लागतं.

आणि गाव तरी कुठं एका जागचं होतं? दार आमच्या घराचं. दारातून आत गेल्यावर लागणारं माजघर यवतजवळच्या एका रिकाम्या गोडाऊनात उभारलेलं. विहीर न्हावऱ्याची. खिडकीतून दिसणारी नदी दौंडच्या अंगाची भीमा. आमचा उंबरा ओलांडून बाई आत पाऊल टाकायची ते थेट दुसऱ्या तालुक्यात. मधल्या रस्त्यानं आमच्या गाड्या सामान घेऊन धावायच्या. ते गाव फक्त एडिटिंगच्या मशीनमध्ये होतं, बाहेर कुठंच नव्हतं. मला ह्या कामाचं कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं.

पहिला भाग दाखवला त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. तिच्या आवाजावरूनच कळलं की ती घाईघाईनं बोलतेय.

"बाई आपल्या दारातनं आत गेली तवा मी पुढं सरकून बसले. म्हणलं, आता आपली चूल दिसंल. तर भलतंच घर. आपलं कुठं गेलं गं?"

मी तिला समजावून सांगितलं, गोडाऊनचं, विहिरीचं, नदीचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा परत फोन. तिला दाराची कडी दिसली होती, ओट्याचा कोपरा दिसला होता, म्हशीचा कान दिसला होता. पण ओट्यासमोरचं कडुलिंबाचं झाड दिसलं नव्हतं, आणि त्याच्या पलीकडचा बांध तर नाहीच.

"तुझ्या त्या कॅमेऱ्याला म्हणावं, जरा मागं सर," ती म्हणाली. "एकदाच. मला उभं राहून चौफेर बघायचंय."

मी तिला म्हटलं की मी फोटो काढून पाठवते, हवं तर व्हिडिओ कॉल लावते आणि वस्तीला फेरी मारते. तशी मी एकदा मारलीही होती. पण ताईला ते नको होतं. तिनं जे कारण सांगितलं ते मी विसरले नाही.

"फोटो तू माझ्यासाठी काढतीस. मला दाखवायचं म्हणून काढतीस. मालिकेत तसं कोण काढत न्हाई. तिथं माझ्याकडं कुणाचं ध्यानच न्हाई. त्यामुळं मला वाटतं, मी गुपचूप येऊन उभी राहिलेय आन् कुणाला कळलं न्हाई."

मग मी एकदा दादांपाशी विषय काढला. बहिणीबद्दल थोडं सांगितलं, सगळं नाही. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले की शेवटच्या भागात गाव दाखवायचं ठरलंय. बाईला कळेल आपण कुठं आहोत, ती दारातून बाहेर येईल, आणि ड्रोन वर वर जाईल. मग सगळं दिसेल, बांध, वस्त्या, धुराडं, रस्ते, सगळं. पण तोवर नाही.

"आधी दाखवलं तर वाट बघायला काय उरलं?" ते म्हणाले.

ते मी ताईला कळवलं. त्या दिवसापासून ती शेवटच्या भागाची वाट बघायला लागली.

आप्पा शूटिंगकडं फारसं लक्ष देत नसत. सकाळी मेंढरं सोडायची, दुपारी जेवायला यायचं, आपल्याच अंगणातल्या वायरी ओलांडून घरात शिरायचं. बाहेरून आलेली माणसं त्यांना आबा म्हणायची, त्यालाही ते ओ द्यायचे. एका संध्याकाळी मी ओट्यावर लेन्सा पुसून पेटीत ठेवत होते. आप्पा विळ्याला धार लावत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "हे लांब दिसतं का?"

"कुठं लांब?"

"लांब म्हंजी... दुसऱ्या राज्यात."

"मोबाइलवर कुठंही दिसतं आप्पा."

ते परत धार लावायला लागले. दोन दिवसांनी एका दृश्यात मागच्या बाजूनं मेंढरं घेऊन जाणारा माणूस हवा होता. मॅनेजरनं पुण्याहून एकाला बोलावलं होतं. आप्पा त्याला म्हणाले की, माझी मेंढरं परक्याच्या मागं चालायची न्हाईत, मीच नेतो. आणि ते घरात जाऊन धुतलेलं धोतर नेसून, पांढरा पटका बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून आले. आई दारातून बघत होती. सणासुदीचा पटका काढला, एवढंच ती मला म्हणाली.

दृश्य साधं होतं. बाई ओट्यावर बसून गव्हातले खडे वेचते, आणि तिच्या मागं, लांब, मेंढरं जातात. लेन्स मोठी होती. फोकस बाईवर. माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर आप्पा म्हणजे एक पांढरा डाग होता आणि त्याच्या पायाशी हलणारा करडा डाग. माझी बोटं चाकावर होती. बोटभर फिरवलं असतं तर आप्पा लख्ख दिसले असते, त्यांच्या मिशा, पटक्याची घडी, सगळं, आणि बाई पुसट झाली असती. मी चाक हलवलं नाही. ते माझं काम नव्हतं.

आप्पा नेहमीपेक्षा हळू चालत होते. त्यांना सांगितलं होतं की सरळ निघून जायचं, इकडं बघायचं नाही. चौकटीच्या मधोमध आले आणि थांबले. मेंढरं पुढं गेली. आप्पांनी मान वळवली आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. दिग्दर्शक थांबवणार होता, पण दादांनी हात वर करून त्याला गप्प केलं. मग आप्पा चालू लागले.

तेच दृश्य पुन्हा घेतलं तेव्हा आप्पा सांगितल्याप्रमाणं सरळ गेले. पण त्या वेळी बाईच्या हातातलं सूप निसटलं, म्हणून पहिलंच ठेवलं. मालिकेत ते आलं तेव्हा किती वेळ होतं म्हणाल, तर पापणी लवायला जेवढा लागतो तेवढाच. मला माहीत होतं म्हणून मला दिसलं.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला नाही. तिनं चित्र पाठवलं होतं. मालिका मोबाइलवर थांबवून तिनं नेमका तो क्षण पकडला होता आणि बाईला बाजूला काढून नुसता मागचा भाग मोठा केला होता. मोठा केल्यावर तर त्यात काहीच उरलं नव्हतं. पांढरट, फुटलेले चौकोन. खाली तिनं लिहिलं होतं, आप्पाच ना?

मी हो म्हणून कळवलं. मग तिनं फोन केला. रडत होती, पण बोलली नीट.

"वाळलेत गं."

मी म्हटलं, ताई, त्या डागात तुला काय दिसणार वाळलेलं. ती म्हणाली, पटका मोठा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते चित्र आप्पांना दाखवलं. दाखवावं की नाही यावर मी बराच विचार केला होता. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. ह्यात माझं तोंड कुठं हाय, म्हणाले. मी म्हटलं, तोंड दिसत नाही. मग त्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि उठता उठता विचारलं, "तरी वळाकलं व्हय तिनं?"

"ओळखलं."

ते गोठ्याकडं गेले. त्या दिवसानंतर शूटिंग असलं की ते धुतलेले कपडे घालून येऊ लागले. कुणी बोलावलं नाही तरी बाजूला उभे राहायचे. कधी मागच्या गर्दीत, कधी पारावर बसलेल्या माणसांत दादा त्यांना जागा द्यायचे. आप्पांबद्दल दादांना मी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. प्रत्येक वेळी आप्पा धूसरच असायचे, कधी नुसता खांदा, कधी जाणारी पाठ. आणि प्रत्येक वेळी ताईला सापडायचे. फोनवर ती आईला सांगायची, आज डाव्या कोपऱ्यात होते, आज घोंगडं न्हवतं, थंडी कमी झाली का. आई ते आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं मला सांगायची. ती गोठ्यात जाऊन फोन करायची बंद झाली. ओट्यावर बसून बोलायला लागली, आणि आप्पा बांधाकडं जायचे ते आता लिंबापर्यंतच जाऊन थांबायला लागले.

एवढं होऊनही ते तिच्याशी बोलले नव्हते. आईनं एकदा फोन पुढं केला तर त्यांनी मान हलवली आणि चप्पल शोधायला लागले.

मालिका ठरल्याहून लवकर बंद करायचं वाहिनीनं ठरवलं. आमच्या धंद्यात हे असं होतं, त्याचं कुणी फार वाईट वाटून घेत नाही. पुढचं काम बघायचं. पण शेवटच्या दिवशी ड्रोन आला. दादांनी सकाळचं कोवळं ऊन निवडलं. ज्या भिंतींवर आम्ही कागद चिकटवले होते ते काढले. एसटीच्या थांब्यावरची पाटी उघडी केली. इतके दिवस ज्याला पाठ दाखवली ते धुराडं मुद्दाम चौकटीत घेतलं. बाई दारातून बाहेर आली, तिनं वर बघितलं, आणि ड्रोन भुणभुणत वर गेला. दादांच्या पडद्यावर आमचं अंगण आधी केवढंसं झालं, मग लिंब, मग सगळी वस्ती, उसाचे हिरवे तुकडे, कालव्याची चमकणारी रेघ, पार लांब नदीपर्यंत. मी जन्मले ते गाव मीही असं कधी बघितलं नव्हतं. अंगणाच्या कडेला आई नवं लुगडं नेसून उभी होती. आप्पांनी तोंड वर करून धरलं होतं, ड्रोन दिसेनासा झाला तरी.

मी ताईला कळवलं की झालं, घेतलं, सगळं आलंय. तिनं मुलीला शेजारी घेऊन बसायचं ठरवलं. तिला दाखवायचं होतं की आपलं हे.

शेवटचा भाग दाखवला तेव्हा मी घरीच होते. आई, आप्पा आणि मी तिघं टीव्हीसमोर बसलो. बाईला तिची आठवण परत आली, ती रडली, कुणीतरी तिला पाणी दिलं, ती दाराकडं चालत आली. दार उघडलं. बाहेरून इतका उजेड आला की पडदा पांढरा झाला. आणि त्या पांढऱ्यावर नावं सुरू झाली. मला वाटलं, नावांनंतर येईल. नावांनंतर साबणाची जाहिरात आली.

मी बाहेर जाऊन दादांना फोन लावला. त्यांना आदल्याच दिवशी कळलं होतं. वरच्या लोकांना वाटलं की गाव न दाखवता संपवलं तर जास्त परिणाम होईल. त्यांचा आवाज थकल्यासारखा होता. तुझ्या बहिणीला सांग, मी प्रयत्न केला होता, असं ते म्हणाले.

मी घरात परत आले तेव्हा आप्पा तसेच बसलेले होते. "ते वरनं घेतलेलं कुठं गेलं?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकलं."

"उद्या दाखवतील?"

"नाही आप्पा. संपली मालिका."

रोज या वेळी ताईचा फोन यायचा. त्या दिवशी आला नाही. आईनं दोनदा फोनकडं बघितलं. बाहेर मोटर बंद करायची होती, जेवणं व्हायची होती, पण कुणी उठेना. मग आप्पा म्हणाले, "तिला फोन लाव."

कुणाला, असं आईनं विचारलं नाही. लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून ताई आई, आई म्हणत होती ते मला ऐकू येत होतं. आप्पांनी घसा साफ केला.

"न्हाई दाखवलं त्यांनी," आप्पा म्हणाले. "तू येऊनच बघ."

एवढंच बोलून त्यांनी फोन आईला दिला आणि मोटर बंद करायला गेले.

ताई थंडी सरता सरता आली. तिकडून येणारी गाडी दौंडला थांबते. आप्पांनी आदल्या दिवशीच जीप सांगून ठेवली होती. मीही सोबत गेले. आम्ही गाडीच्या वेळेच्या कितीतरी आधी पोचलो, आणि गाडी उशिरा आली. आप्पा फलाटावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. डबा कुठं येईल ते मी त्यांना सांगितलं होतं, तरी गाडी लागली तेव्हा ते भलत्याच टोकाला होते. ताई उतरली. तिचे केस पिकायला लागले होते, हे मला फोनवर कधी दिसलं नव्हतं. तिच्या हाताला धरून मुलगी उतरली. जावई नव्हते. त्यांना रजा मिळाली नाही असं ताई म्हणाली. आप्पांनी विचारलं नाही.

आप्पा गर्दीतून येत होते. ताई वाकली, पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. हमाल, पोतीवाले, सगळे बाजूनं जात होते. मग त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"गाडीला लई उशीर झाला," ते म्हणाले आणि पुढं चालू लागले.

जीप निघाली. ताई खिडकीशी होती, मुलगी तिच्या मांडीवर, आप्पा ड्रायव्हरच्या शेजारी. भीमेचा पूल आला तसं आप्पांनी मान थोडी मागं वळवली. "खिडकीतली नदी ती हीच," ते म्हणाले. ताई हं म्हणाली. मग ते वाटभर सांगत राहिले. यवतचं गोडाऊन ह्या वाटंवर न्हाई, त्या अंगाला राहिलं. विहिरीला न्हावऱ्यात आत वळावं लागतं. पहिल्या भागात बाई पडली ती पाण्याची चारी हिकडं. कोणती भिंत रंगवली होती, कोणती खरी होती, कुठं दादा आडवे झोपून कॅमेरा लावायचे. आप्पा एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसरं काही बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि ताईलाही जमत नव्हतं, पण हे दोघांनी बघितलेलं होतं. ती मधूनच विचारायची, आन् पारावर बसलात ते कुठं? ते सांगायचे.

वस्तीवर पोचल्यावर आईनं भाकरतुकडा ओवाळला. ताई आत गेली, चुलीपाशी बसली, परत बाहेर आली. मुलगी मेंढरांच्या मागं पळत होती आणि हिंदीत काहीतरी विचारत होती. आप्पा ऊसतोडीला आलेल्या परमुलखातल्या मजुरांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत तिला उत्तरं देत होते. संध्याकाळी आईनं थालीपीठ केलं. जेवणं झाली, अंथरुणं पडली. जुनं काही निघालं नाही. निघायला हवं होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मला कामावर परत जायचं होतं, कोल्हापूरकडं नवीन मालिका सुरू होणार होती. मी आवरून बाहेर आले तर ताई ओट्यावर सतरंजीवर गाढ झोपलेली. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. आई म्हणाली, चहा पिऊन जरा आडवी झाली ती उठलीच न्हाई. गोठ्यात कडबा कापायची कुट्टी धडधडत होती. आप्पांनी जाऊन ती बंद केली आणि उरलेला कडबा हातानं विळ्यावर कापत बसले.

"उठवू का?" आईनं मला विचारलं. "तू निघालीस, भेटली तर पाहिजे."

मी काही म्हणायच्या आत आप्पा गोठ्यातूनच म्हणाले, "झोपू दे तिला."

मी पिशवी उचलली आणि रस्त्यापर्यंत चालत गेले. शिरूरची एसटी आली तेव्हा मनात आलं की ही जाऊ द्यावी, पुढची धरावी, तोवर ती उठेल. पण पुढची दुपारनंतर होती. मी चढले.